बालगंधर्वांचा आवाज कुणी द्यायचा? एका चरित्रपटाचा प्रकरण अभ्यास

६ मे २०११ रोजी 'बालगंधर्व' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवणारे गायक-नट बालगंधर्व, यांना जाऊन चव्वेचाळीस वर्षं होत आली होती. त्यांच्या ऐन भराचा काळ तर त्याहूनही कितीतरी मागचा. ८ जुलै १९२१ च्या, दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त 'मानापमाना'ला पंधरा वर्षांचा एखादा मुलगा वडिलांचं बोट धरून गेला असेल, तर २०११ साली तो एकशेपाच वर्षांचा असता. म्हणजे थिएटरात बसलेल्यांपैकी जवळजवळ कुणीच त्यांनी रंगवलेली भामिनी, रुक्मिणी किंवा सिंधू या नायिका प्रत्यक्ष ऐकलेल्या नव्हत्या. तरीही तो आवाज कसा होता, याबद्दल प्रत्येकाचं मत ठाम होतं. आजीनं सांगितलेलं, आकाशवाणीवर सकाळी ऐकलेलं, कुणाच्या तरी फडताळातल्या तबकडीवरून कानावर पडलेलं.

या चरित्रपटाची खरी अडचण इथे आहे, आणि तिचाच विचार मला करायचा आहे. दिग्दर्शक रवी जाधव, पटकथाकार अभिराम भडकमकर, संगीतकार कौशल इनामदार आणि निर्माते नितीन चंद्रकांत देसाई यांच्यासमोर शालू, दागिने, पडदे, दिवे असे कितीतरी प्रश्न होते. त्यांची उत्तरं छायाचित्रांत शोधता येत होती. आवाजाचं छायाचित्र मात्र फार धूसर होतं.

धूसर का, ते नीट बघायला हवं. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९११ साली 'मानापमान' आलं, १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, १९१६ साली 'स्वयंवर', १९१९ साली 'एकच प्याला'. हा सगळा काळ कर्ण्यात गाण्याचा. मायक्रोफोन लावून विजेवर ध्वनिमुद्रण करायची पद्धत व्यवहारात आली ती १९२५ च्या सुमारास. त्याआधी गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर तोंड नेऊन गात असे आणि त्या हवेच्या धक्क्यानं सुई मेणावर रेघ ओढत असे. या यंत्राला साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं पकडता येत नसे, आणि खालच्या अंगाचंही बरंच निसटून जाई. आवाजाचा गोडवा, त्याची कांती आपण ज्याला म्हणतो ती बरीचशी वरच्या स्वरांशांत असते. म्हणजे ज्या गुणासाठी माणसं वेडी झाली होती, नेमका तोच गुण त्या काळच्या तबकडीत सर्वांत कमी उतरला. मायक्रोफोन आला तेव्हा नारायणराव सदतीस वर्षांचे होते. नंतरच्या मुद्रणांत आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण तो प्रौढ होत गेलेला आवाज आहे.

दुसरी मर्यादा वेळेची. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावत. रंगमंचावर अर्धा तास रंगणारं पद तेवढ्यात बसवायचं, म्हणजे उमलत्या फुलाची घडी घालून ती पाकिटात कोंबण्यासारखंच. माझ्या आजोबांकडे अशा काही तबकड्या होत्या. ते त्या लावत आणि पद संपलं की म्हणत, "हे नुसतं तोंड दाखवलं, आता खरं सुरू झालं असतं." लहानपणी मला ते कळत नसे.

आता पर्याय बघू. जुन्या तबकड्याच पडद्यावर वापरायच्या, हा पहिला मार्ग. त्यात प्रामाणिकपणा आहे, पण खरखर आणि तुटका आवाज झगझगीत चित्रासोबत गेला तर प्रेक्षकाला तो कायम परका वाटत राहतो. चित्र आजचं आणि आवाज शंभर वर्षांपूर्वीचा, अशी फट पडते. दुसरा मार्ग नकलेचा. तबकडीतला तो किंचित अनुनासिक लगाव, ती लकब हुबेहूब उचलणारे गायक महाराष्ट्रात कमी नाहीत. पण तबकडीची नक्कल म्हणजे कर्ण्यानं जे वगळलं त्याचीही नक्कल. यंत्राची उणीव गळ्याचा गुण म्हणून सादर होते. हा धोका मला सगळ्यांत मोठा वाटतो, कारण श्रोत्यांना तेच हवं असतं आणि टाळ्याही त्यालाच पडतात. तिसरा मार्ग, गायकी जाणणाऱ्या माणसाला गाऊ देणं.

चित्रपटानं तिसरा मार्ग धरला आणि आवाज गायक आनंद भाटे यांचा घेतला.

ही निवड समजून घ्यायची तर बालगंधर्वांचं गाणं कुठून आलं ते पाहावं लागतं. त्यांचे गुरू भास्करबुवा बखले. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन वेगवेगळ्या वळणांच्या उस्तादांकडे बुवा शिकले होते, त्यामुळे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांचं त्यांच्यापाशी होतं. 'स्वयंवर'ची पदं त्यांनी बसवली तेव्हा त्यांतले राग सोपे ठेवले: 'नाथ हा माझा'ला यमन, 'मम आत्मा गमला'ला बिहाग, 'सुजन कसा मन चोरी'ला भूप. नवशिक्याला पहिल्या वर्षात भेटणारे हे राग. त्या सोप्या रागांत शिष्याला मोकळीक कुठे दिली? शब्दात. बालगंधर्व आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, फार रेंगाळत नाहीत. त्यांची मुरकी शब्दाच्या आत होते, तान छोटी आणि दाणेदार येते, आणि शब्द लयीच्या किंचित मागे राहून अलगद समेवर येऊन बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, रुक्मिणी बोलतेच आहे, फक्त तिचं बोलणं सुरात आहे.

हे नकलेनं येत नाही. त्यासाठी राग अंगात मुरलेला असावा लागतो, म्हणजे लक्ष शब्दाकडे देता येतं. आनंद भाटे लहानपणी नाट्यपदं गात, आणि दहाव्या वर्षीच लोक त्यांना 'आनंदगंधर्व' म्हणू लागले होते. छोट्या नारायणाचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटल्याची गोष्ट मराठी माणसाला पाठ असते, तिचा इथे प्रतिध्वनी आहे. पण मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. बालपणीच्या त्या कौतुकावर न थांबता भाटे यांनी पंडित भीमसेन जोशी यांच्याकडे दीर्घ तालीम घेतली. किराणा घराण्याची, सुराला धरून राहण्याची ती शिस्त. बालगंधर्वांच्या गाण्याशी तिचं थेट नातं नाही. तरीही त्या शिस्तीमुळेच त्यांचं गंधर्व-गायन नकलेपासून सुटलं असं मला वाटतं. ते पद गातात तेव्हा जागा बालगंधर्वांच्या असतात, गळा त्यांचा स्वतःचा असतो. कर्ण्यानं खाऊन टाकलेली कांती ते आपल्या आवाजातून परत भरतात. ती मूळचीच आहे असा दावा कुणी करू शकत नाही, पण ती जागा रिकामी राहत नाही. एकोणसाठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा मान मिळाला.

याच निवडीत आणखी एक निर्णय दडलेला होता आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. पडद्यावर शालू नेसलेली, नथ घातलेली, खांद्यावर पदर घेतलेली स्त्री दिसते आणि तिच्या तोंडून पुरुषाचा आवाज येतो. बालगंधर्व स्त्रीभूमिकेत बायकी, चोरटा आवाज काढत नसत, स्वतःच्याच मोकळ्या गळ्यानं गात. नाटकाच्या प्रेक्षकाला हा संकेत मान्य होता, कारण स्त्रीभूमिका पुरुषांनीच करायच्या हीच रीत होती. पुढे हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर उभ्या राहिल्या आणि तो संकेत हळूहळू मोडला. सत्तर-ऐंशी वर्षं पडद्यावरच्या नायिकेचा आवाज म्हणजे स्त्रीचाच आवाज, हे आपल्या कानांना इतकं पक्कं झालं आहे की २०११ च्या प्रेक्षकाला हे दृश्य हास्यास्पद वाटण्याची भीती खरीच होती. ते तसं वाटलं नाही. नीता लुल्ला यांच्या वेशभूषेला त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मान मिळाला, विक्रम गायकवाड यांच्या रंगभूषेनं बालगंधर्व झालेल्या सुबोध भावे यांचा चेहरा बदलला, पण माझ्या मते हे दृश्य तारलं ते सुबोध भावे यांच्या श्वासानं.

पार्श्वगायनात गाणं आधी मुद्रित होतं आणि नट त्यावर ओठ हलवतो. सिनेगीतात ते तुलनेनं सोपं, कारण शब्द मोजके आणि श्वासाच्या जागा ठरलेल्या. नाट्यपदात गायक कुठे दम घेईल ते त्याच्या त्या वेळच्या उपजेवर, ऐनवेळी सुचण्यावर असतं. एखादी हरकत लांबते, पुढचा शब्द अर्ध्या श्वासावर उचलला जातो. नटाचे ओठ जुळले आणि छाती चुकीच्या क्षणी भरली, तर बघणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण लबाडी जाणवते. गळ्याची शीर, हनुवटीचा कोन, तान सुटताना डोळे कुठे जातात, हे सगळं गायकाचं असावं लागतं. आणि इथे तर गायकाचं असूनही स्त्रीचं दिसायला हवं! सुबोध भावे व्यवसायानं गायक नाहीत. तरी त्या पदांत त्यांचा श्वास आणि भाटे यांचा श्वास एकाच जागी पडतो. दोन माणसांनी मिळून एक माणूस उभा केला, तो या शिवणीच्या जोरावर.

या शिवणीची सगळ्यांत कठीण परीक्षा म्हणजे १२ मार्च १९११ ची रात्र. 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द करता आला असता, पण ते उभे राहिले आणि भामिनी झाले. ही घटना मराठी रंगभूमीच्या इतिहासात इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यातून सहज रडगाणं निर्माण करता येतं. पडद्यावर तर मोह आणखी मोठा: गायकाचा आवाज थोडा कापला, सारंगी जरा जास्त विव्हळली, की प्रेक्षक हेलावलाच. पण भामिनीच्या आवाजात दुःख असूच शकत नव्हतं. त्या रात्रीचं मोठेपण त्यातच आहे. भामिनी श्रीमंत बापाची, मानी, खोडकर मुलगी. तिच्या पदात लटका राग आहे, लाडिकपणा आहे. म्हणून पार्श्वगायकालाही काळजात काही ठेवून गाता येत नाही. त्याला निखळ भामिनीच गावी लागते. दुःख ऐकणाऱ्यानं आपल्या पदरचं आणायचं, कारण विंगेत काय घडलंय ते त्याला ठाऊक आहे. चित्रपटातलं हे प्रकरण मी जेव्हा जेव्हा पाहिलं तेव्हा डोळे भरून आले, आणि ते गाणं रडत नाही म्हणूनच भरून आले.

संयुक्त 'मानापमाना'चा पेच वेगळा होता. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श ही नाटक मंडळी एकत्र आली. केशवराव नायक धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी. एकाचा गळा धारदार, झेपावणारा, तर दुसऱ्याचा रेशमी. तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले, तेही वयाच्या एकतिसाव्या वर्षी. दोघांच्या चाहत्यांची चढाओढ अजून पूर्ण विझलेली नाही, आणि कुठल्याही चित्रपटानं तो सामना दाखवला की कुणी तरी नाराज होणारच. त्यावर अधिक बोलत नाही.

तुलनेसाठी दुसरा चित्रपट घेतला तर या निर्णयाची बाजू अधिक उजळते. १ एप्रिल २०२२ रोजी निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित 'मी वसंतराव' आला. तिथे डॉ. वसंतराव देशपांडे यांची भूमिका, गायन आणि संगीत, तिन्ही त्यांचे नातू राहुल देशपांडे यांचं. चेहरा आणि गळा वेगळे नाहीत, म्हणून शिवणच नाही. त्यांनाही पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तिथली परिस्थिती उलटी होती. वसंतराव १९८३ साली गेले. त्यांचा आवाज फितीवर, आकाशवाणीवर, मोठ्या तबकड्यांवर भरपूर आणि स्वच्छ आहे, आणि १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब बघितलेली माणसं थिएटरात समोर बसलेली होती. तिथे गायकाला खऱ्या आठवणीला सामोरं जायचं होतं. 'बालगंधर्व'च्या वेळी सामना होता तो दंतकथेशी. आठवण आवाजाची बारीकसारीक खूण मागते. दंतकथेला खूण नको असते, तिला फक्त आपण मानतो ते खरं होतं एवढा दिलासा हवा असतो. तो दिलासा देताना गाणं खोटं होऊ न देणं, हे भाटे आणि इनामदार यांचं काम होतं. ते त्यांनी केलं असं माझं स्पष्ट मत आहे.

मग राहिलं काय? माझी तक्रार वेळेची आहे, आणि ती छोटी नाही.

संगीत नाटक रात्री सुरू होई आणि पहाटे संपे. मजकूर तेवढा लांब नव्हता. लांबवत ते प्रेक्षक. 'वन्स मोअर' आला की बालगंधर्व तेच पद पुन्हा घेत, पण तसंच नाही. दुसऱ्यांदा वेगळी जागा, तिसऱ्यांदा आणखी वेगळी. बाजूला ऑर्गन भरून राहिलेला, कादरबक्षांची सारंगी शब्दाच्या मागोमाग सावलीसारखी, आणि अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी संयमानं ठेका धरून बसलेला. थिरकवाँ म्हणजे ज्यांचं एकट्याचं वादन ऐकायला देशभर माणसं जमत, ते इथे एका नाटक कंपनीत स्त्रीवेषातल्या नटाच्या पदाला साथ करत होते! शालू खरा हवा, अत्तर खरं हवं, साथ अव्वल हवी, याच हट्टानं मंडळी कर्जात गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तो खर्च निव्वळ शौक नव्हता. समोरच्या 'मायबाप' रसिकांनी मागितलं तर पहाटेपर्यंत गाता यावं, यासाठी केलेली ती तयारी होती. बालगंधर्वांचं गाणं म्हणजे एक आवाज नव्हे. तो गायक आणि सभागृह यांच्यातला रात्रभराचा संवाद होता.

चित्रपटाला दोन-सव्वादोन तासांत अख्खं आयुष्य सांगायचं असतं. त्यामुळे पद सुरू होतं, मुखडा येतो, एक-दोन जागा येतात आणि दृश्य बदलतं. म्हणजे तबकडीनं जी तीन मिनिटांची कैद घातली होती, तीच चित्रपटानं पुन्हा घातली. आवाजावरची धूळ झटकली गेली, पण पद पुन्हा पाकिटातच राहिलं. तिथे दिग्दर्शकाला धाडस करता आलं असतं असं मला वाटतं. चार पदांऐवजी एकच घ्यायचं आणि ते बारा-पंधरा मिनिटं अखंड चालू द्यायचं. तीन 'वन्स मोअर' दाखवायचे, प्रत्येक वेळी भाटे यांना नवी उपज घेऊ द्यायची, आणि कॅमेरा अधूनमधून वळवायचा तो फक्त ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे. एखादा चरित्रप्रसंग त्यासाठी गळाला असता तर चाललं असतं. बक्षिसं, देणी, भांडणं यांच्याबद्दल पुस्तकांत वाचता येतं. तो संवाद कुठेही वाचता येत नाही आणि तबकडीवरही ऐकता येत नाही, तो फक्त अशा चित्रपटालाच उभा करता आला असता.

तीच गोष्ट उतरत्या काळाची. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते पुरुषवेषात संत एकनाथ झाले. पुढे गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आणि रंगमंचावर आल्या. पाय गेल्यावरही ते बसून भजनं गात राहिले. १९६४ साली पद्मभूषण आलं तेव्हा ते शहात्तरीत होते. या काळातला आवाज थकलेला आहे, काही ठिकाणी सूर हलतो, पण शब्दाशी असलेलं नातं अधिक खोल झालं आहे. उत्तम गायकाला थकलेलं गायला सांगणं फार अवघड असतं. गळा सवयीनं सुंदर होऊ पाहतो. चरित्रपटांत वय केसांवर आणि सुरकुत्यांत दिसतं, गाण्यात क्वचितच ऐकू येतं, आणि या चित्रपटातही ते पुरेसं ऐकू येत नाही.

मी पहिल्यांदा हा चित्रपट भरलेल्या थिएटरात पाहिला. रुक्मिणी गात होती. माझ्या मागच्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ बसले होते, बहुधा मुलानं-सुनेनं आणलेले. पदाच्या एका जागेला त्यांच्या तोंडून नकळत दाद निघाली. पद संपलं, पडद्यावरच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आमच्यातल्याही काहींनी वाजवल्या. त्या गडबडीत मागून हलक्या, पण अगदी स्पष्ट आवाजात ऐकू आलं, "वन्स मोअर." तोवर पडद्यावर पुढचं दृश्य सुरू झालं होतं.